प्रलयाची भाकिते आणि यंत्रयुग

गेल्या वर्षीची गोष्ट. दहावीच्या वर्गात निबंधलेखनाचा तास चालला होता. फळ्यावर विषय लिहिला होता, 'विज्ञानाची प्रगती'. सारा वर्ग माना खाली घालून लिहीत असता एक विद्यार्थी मात्र कोरी वही पुढे ठेवून खिडकीबाहेर पाहत बसला होता. कारण विचारले तेव्हा तो उठून म्हणाला, "सर, लिहून काय उपयोग? थोड्या वर्षांत सगळे यंत्रच लिहिणार. आणि आता तर शास्त्रज्ञच म्हणतात की, माणसाचा शेवट जवळ आला आहे." वर्ग हसला. मला हसू आले नाही. हा मुलगा मोठा हुशार. पुढे एकदा त्याच्या आईची भेट झाली, तेव्हा कळले की, गेले तीन महिने त्याने गणिताचे पुस्तकही उघडले नव्हते.

त्या दिवशी मी त्याला काहीतरी उत्तर दिले. परंतु ते माझे मलाच पटले नाही. तेव्हा राहून गेलेले ते उत्तर आज ह्या अंकाच्या निमित्ताने देण्याचा प्रयत्न करीत आहे.

आजीचा तरवा

माझी आजी पेडणे तालुक्यातील. शाळेत ती कधी गेली नाही. पण तिच्यापाशी गोष्टींचा साठा मोठा होता. त्यांतील एक गोष्ट १९७९ सालच्या पावसाळ्याची. आकाशातून एक अजस्र यंत्र पृथ्वीवर कोसळणार, ते नेमके कोठे पडेल हे कोणालाही सांगता येत नाही, अशी वार्ता त्या जुलै महिन्यात रेडिओवरून व वर्तमानपत्रांतून गावोगाव पोहोचली होती. हे यंत्र म्हणजे अमेरिकेची 'स्कायलॅब' ही अंतराळातील प्रयोगशाळा. दिवस सरदीच्या लावणीचे. वाड्यावरील काही मंडळींनी शेतात जाणेच सोडले. पीक कापायला कोणी उरणार नसेल, तर लावायचे कोणी आणि कशाला? कोणी घरची कोंबडी कापून गोडधोडासह शेवटचे जेवण करून घेतले. आजीचाही त्या वार्तेवर पूर्ण विश्वास होता. 'संवसार बुडतलो' असे तीही म्हणत होती. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावर खोळ घेऊन ती शेतात गेली. शेजारणीने हटकले, तेव्हा ती उत्तरली, "बुडता जाल्यार बुडूं, हांगा तरवो कुसता!" जग बुडणार असेल तर बुडो, पण उपटून ठेवलेला तरवा येथे कुजत आहे, त्याचे काय?

आजी हे हसत हसत सांगे. तिच्या ह्या बोलण्यात किती अर्थ भरला आहे, हे मात्र मला फार उशिरा उमगले.

ह्यांतला 'संवसार' हा शब्द पाहा. मराठीत आपण 'संसार' म्हणतो, तो घरादाराला, चूलबोळक्याला. कोंकणीतला 'संवसार' म्हणजे अवघे जग. मूळ शब्द एकच. म्हणून 'संवसार बुडतलो' असे कोणी म्हटले की, जग बुडणार आहे की आपले घर बुडणार आहे, हे माझ्या कानांना नेहमीच वेगळे करता येत नाही. ही खूणगाठ मनाशी बांधून ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

कलियुगाचा हिशेब

नवे यंत्र आले की जगाचा अंत जवळ आला असे लोकांना का वाटते? आपल्याकडे ह्याचे मूळ युगांच्या कल्पनेत आहे. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कलियुगाची लक्षणे सांगतात. पाऊस वेळेवर पडणार नाही, माणसे अल्पायुषी होतील, वडीलधाऱ्यांचा मान राहणार नाही, असे त्यांतील वर्णन आहे. कीर्तन-पुराणांतून ही लक्षणे घरोघर पोहोचली, आणि मग लोकांनी त्यांत आपल्या पदरची भर घातली. कलियुगात बैलाविना गाडी धावेल, वातीविना दिवा जळेल, माणूस येथे बोलेल व शंभर कोसांवर ऐकू जाईल, असे आमच्या गावातील वृद्ध सांगत. मोटार, वीज आणि टेलिफोन दारात आल्यानंतर रचलेली ही भाकिते होती! यंत्र आधी आले; भविष्य त्याच्या मागून आले.

ही समजूत केवळ आपलीच नव्हे. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या धर्मग्रंथात अंतिम न्यायाचा दिवस आहे, मुसलमान बांधवांच्या श्रद्धेत कयामत आहे. माणसाच्या उद्दामपणाला सीमा असावी आणि अन्यायाचा केव्हातरी निवाडा व्हावा, ही सर्वांच्या मनाची ओढ ह्या कल्पनांत दिसते. म्हणून त्यांची टवाळी करणे योग्य नव्हे. मात्र त्यांचा हिशेब मांडणाऱ्याने तो नीट मांडावा, एवढे तरी आपण म्हणू शकतो. परंपरेप्रमाणे कलियुगाची एकूण वर्षे ४,३२,०००. ते ख्रिस्तपूर्व ३१०२ साली सुरू झाले असे मानतात. म्हणजे आजवर ५,१०० हून थोडी अधिक वर्षे सरली. सव्वाचार लाखांहून अधिक अद्याप उरली आहेत. घरी पूजा सांगताना भटजी जो संकल्प सोडतात, त्यातही आपण कलियुगाच्या प्रथम चरणात आहोत असाच उच्चार असतो. हा एक चरणच १,०८,००० वर्षांचा! तात्पर्य, 'उद्या जग बुडणार' असे सांगणारा शास्त्राइतकाच पंचांगालाही सोडून बोलत असतो.

अष्टग्रही आणि त्याच वर्षीचा ऑक्टोबर

आता इतिहासातील काही प्रसंग पाहू.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने, ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ह्या दिवसांत, मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार होते. ह्यालाच 'अष्टग्रही' म्हणतात. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे ते आठ. सर्वनाश होणार अशी हूल भारतभर उठली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, अखंड नामसप्ताह बसले. स्वातंत्र्य हाती येऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि जग संपणार!

ते तीन दिवस आले आणि गेले. काहीही झाले नाही, आणि तसे होण्याचे कारणही नव्हते. पेडण्याच्या डोंगरावरून रात्री समुद्राकडे पाहिले, तर केरीतील एखाद्या घराचा दिवा आणि दूरवरच्या जहाजाचा दिवा अगदी शेजारी शेजारी दिसतात. म्हणून ते घर त्या जहाजावर आदळते काय? ग्रह एका राशीत येणे म्हणजे असेच एका दिशेला दिसणे होय. केतू तर दगडामातीचा गोळाही नव्हे. चंद्राची वाट व सूर्याची वाट जेथे छेदतात, तो एक गणिती बिंदू आहे. समुद्राचे पाणी ओढण्याचे सामर्थ्य मुख्यतः चंद्राचे, त्याखालोखाल सूर्याचे. इतर ग्रहांचा वाटा नगण्य. प्रत्येक अमावास्येला मोरजीच्या किनाऱ्यावर जे उधाण येते, तेवढीच त्या अमावास्येची करामत.

परंतु १९६२ साल तेथेच संपले नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात क्यूबा बेटावरील अण्वस्त्रांवरून अमेरिका व सोव्हिएत रशिया समोरासमोर उभे ठाकले, आणि जग विनाशाच्या अगदी काठावर आले. २७ ऑक्टोबर रोजी क्यूबाजवळच्या समुद्रात एक रशियन पाणबुडी अमेरिकन युद्धनौकांनी घेरली होती. इशाऱ्यादाखल टाकलेली स्फोटके तिच्याभोवती फुटत होती आणि मॉस्कोशी तिचा संपर्क तुटला होता. युद्ध सुरू झाले असावे असे वाटून पाणबुडीच्या कप्तानाने अण्वस्त्राचा पाणतीर सोडण्याचा विचार केला. वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने संमती दिली नाही. म्हणून तो पाणतीर सुटला नाही. फेब्रुवारीत आकाशातील आठ ग्रहांनी जगाचे काही वाकडे केले नाही. ऑक्टोबरात माणसांनी केलेल्या यंत्राने ते जवळजवळ केले होते, आणि जग वाचले तेही एका माणसाच्या विवेकाने.

आकाशाकडे डोळे, धरणाकडे पाठ

हीच गोष्ट आपल्या जवळच्या पुणे शहराने अष्टग्रहीच्या सात महिने अगोदर अनुभवली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेच्या काठचे अर्धे पुणे पाण्याखाली गेले. त्या दिवशी कोणतीही अष्टग्रही नव्हती. धरणाचे काम अपुरे असतानाच त्यात पावसाळ्याचे पाणी साठले होते. पाणी बाहेर सोडणाऱ्या भुयारी मार्गाला लोखंडी सळ्यांचा आधार नव्हता, नुसते काँक्रीट होते. तो मार्ग खचला आणि त्यावरील मातीचा बांधही खचला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते धरण काही तास तगवले. म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटले आणि असंख्य लोकांचे प्राण वाचले. पुण्याच्या लोकांच्या दृष्टीने हा प्रलयच होता. पण त्याचे कारण पत्रिकेत नव्हते. ते कामाच्या नकाशात आणि घाईत होते.

पुन्हा आजीच्या १९७९ सालाकडे येऊ. स्कायलॅबचे वजन सुमारे ७७ टन. १४ मे १९७३ रोजी ती सोडण्यात आली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तिच्यातील शेवटचे अंतराळवीर परतले. पुढे सूर्यावरील खळबळ वाढली, वातावरणाचे वरचे थर तापून फुगले, आणि त्या विरळ हवेच्या घर्षणाने तिचा वेग घटत जाऊन ती अपेक्षेपेक्षा लवकर खाली येऊ लागली. तिला पुन्हा वर ढकलणारे यान वेळेत तयार झाले नव्हते. ज्यांनी ती वर चढवली त्यांनी ती सुखरूप उतरवण्याची तजवीज केली नव्हती. तेव्हा लोकांचे भय अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. अखेर ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशात पडले. कोणालाही इजा झाली नाही.

ह्यानंतर बरोबर एक महिन्याने, ११ ऑगस्ट १९७९ रोजी, गुजरातेतील मोरवी शहराच्या वरच्या बाजूचे मच्छू नदीवरील धरण फुटले. आराखड्यात गृहीत धरलेल्या पाण्याच्या सुमारे तिप्पट पाणी नदीला आले होते. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. जुलैत सारा देश मान वर करून आकाशाकडे पाहत होता; ऑगस्टात संकट आले ते जमिनीवरून, आणि त्याची बातमी कोणी आधी दिली नाही.

ह्या दोन्ही जोड्या शेजारी ठेवून पाहा. तारीख ठरवून येणारा प्रलय आला नाही. जो आला त्याला तारीख नव्हती. त्याला कारण होते, आणि ते कारण माणसाच्या हातचे होते.

न आलेला प्रलय

आता उलट प्रकारचे एक उदाहरण घेऊ. येथे तारीख ठरली होती, कारणही खरे होते, आणि तरीही संकट आले नाही. १ जानेवारी २००० रोजी जगातील संगणक कोलमडतील असे भाकीत होते. जुन्या काळी संगणकाची स्मृती फार महाग असल्यामुळे वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याचा प्रघात पडला होता. १९९९ ऐवजी केवळ ९९. मग २००० साली जे ०० उमटेल, ते संगणक १९०० समजेल! बँकांचे व्याज, विमानांची वेळापत्रके, विजेची केंद्रे, सर्वत्र घोटाळ्याची शक्यता होती. काही पंथांनी हाच जगाचा शेवट असे जाहीर केले.

त्या दिवशी किरकोळ बिघाड सोडल्यास काही घडले नाही आणि लोक म्हणाले, 'बघा, उगाच भीती घातली.' परंतु ती भीती उगाच नव्हती. देशोदेशींच्या हजारो तंत्रज्ञांनी, ज्यांत आपल्या भारतातील तरुण फार मोठ्या संख्येने होते, आधीची काही वर्षे रात्रंदिवस बसून त्या आज्ञावली ओळीओळीने तपासल्या व दुरुस्त केल्या होत्या. रात्री दाराला कडी घातली म्हणून चोर आला नाही. सकाळी उठून 'कडी उगाच घातली' असे म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

पेडणे आणि डिचोली

हे सारे दूरचे झाले. आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू.

कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली. तिच्या साऱ्या मार्गात जी बोगद्यांची कामे अत्यंत बिकट ठरली, त्यांत पेडण्याच्या बोगद्याचे नाव अग्रभागी आहे. हा बोगदा सुमारे दीड किलोमीटर लांबीचा. पण त्याला काही वर्षे लागली. येथील डोंगराच्या पोटात खडक नाही, पाण्याने भिजलेली मऊ माती आहे. खणावे तसा चिखल आत वाहत येई आणि केलेले काम ढासळे. त्या काळी आमच्या गावात बोलत की, 'भुंयेक हें मानवना', भूमीला हे मानवत नाही. मोठ्या बांधकामाला बळी लागतो अशी एक जुनी समजूत आहे. तीही कोणी कोणी कुजबुजे. बोगदा पुरा झाला, गाड्या धावू लागल्या आणि ती कुजबुज थांबली. परंतु ऑगस्ट २०२० मध्ये ह्याच बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये त्यात इतके पाणी झिरपले की, गाड्या अडकून पडल्या.

आता सांगा, गावातील वृद्ध चुकीचे बोलत होते काय? 'भूमीला मानवत नाही' असे ते म्हणत आणि 'ह्या मातीत पाण्याचा दाब फार आहे' असे अभियंते म्हणत. दोघांचेही निरीक्षण जवळजवळ एकच होते. फरक पुढच्या कृतीत होता. कोप म्हटले की माणूस नारळ ठेवून घरी जातो. दाब म्हटले की पाण्याला वाट काढून देतो, भिंत बळकट करतो आणि दर पावसाळ्यात पुन्हा येऊन पाहतो. हे पुन्हा येऊन पाहणेच फार महत्त्वाचे आहे. यंत्र एकदा उभे केले की काम संपले असे मानणे, हीदेखील एक अंधश्रद्धाच होय.

डिचोलीची कथा अधिक करुण आहे. येथील लोहखनिजाने गोव्याला पैसा दिला. शिरगाव, मये, पिळगाव ह्या भागांतून निघालेला माल ट्रकांनी धक्क्यांवर जाई आणि तेथून बार्जांनी मांडवीवाटे मुरगावला. २०१०-११ ह्या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. पण खाणीचा खड्डा जमिनीतील पाण्याच्या पातळीखाली गेला, म्हणजे आत साचणारे पाणी सतत उपसावे लागते. ते उपसले की भोवतालच्या विहिरी व झरे आटतात. पावसाळ्यात टाकाऊ मातीचे ढीग वाहून भातशेतीत येतात. ज्यांची मळी ह्या मातीखाली गेली, त्यांचा संवसार बुडाला. त्याला ना धूमकेतू लागला, ना ग्रहण.

पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मर्यादा घालून काही काळ पुन्हा चालल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. तेव्हा हेच शब्द दुसऱ्या घरांतून ऐकू आले. कर्ज काढून ट्रक घेतलेला बाप, बार्जावर नोकरी करणारा भाऊ, खाणीच्या नाक्यावर चहाचे दुकान चालवणारी आई, ह्यांच्याही दृष्टीने जगच बुडाले होते. ह्या शाळेच्या बाकांवर दोन्ही प्रकारच्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसली आहेत. पुढे लिलाव होऊन २०२४ पासून डिचोलीत खाणकामाला पुन्हा सुरुवात झाली आहे. पूर्वीचा खर्च कोणी भोगला, ह्याचा हिशेब ह्या वेळी आधीच मांडला जाणार की नाही, हा प्रश्न आता तुमच्या पिढीपुढे आहे.

'संवसार' ह्या शब्दाची खूणगाठ मी बांधून ठेवायला सांगितली होती, ती ह्यासाठी. यंत्र येते तेव्हा कोणाचे तरी छोटे जग खरोखरच संपते. गाडीवानाचे संपले, होडीवाल्याचे संपले, कुळागराचा झरा आटला त्याचे संपले. त्या माणसाची व्यथा खोटी नसते. 'जग बुडणार' ह्या भाकितात ही खरी व्यथा मोठ्या आवाजात बोलत असते. ती ऐकणाऱ्याने ग्रहांची पत्रिका मांडत बसण्यापेक्षा कोणाचे घर बुडत आहे, हे विचारावे.

प्रलयाच्या कथेतील नाव

आमच्या पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. मुख्य आख्यानापूर्वी काळा मुखवटा घातलेला संकासूर येतो, गावच्या बोलीत बोलून सर्वांना हसवतो. लहान मुले मात्र आईच्या पदराआड लपतात. ह्या संकासुराने वेद चोरले आणि विष्णूने मत्स्यावतार घेऊन त्याचा वध केला, अशी ती कथा. मत्स्यावताराचीच दुसरी कथा मनूची. आणि गंमत पाहा, कलियुगाची लक्षणे सांगणारे तेच मार्कंडेय ऋषी त्याच वनपर्वात ही कथाही युधिष्ठिराला सांगतात.

एका लहानशा माशाने मनूपाशी अभय मागितले. मनूने त्याला घड्यात, मग विहिरीत, मग गंगेत आणि शेवटी समुद्रात सोडून वाढवले. त्या माशाने प्रलयाची आगाऊ सूचना दिली. पण एवढे सांगून तो थांबला नाही. 'बळकट नाव बांध, तिला दोर लाव, सर्व प्रकारची बियाणी जपून घे, सप्तर्षींना सोबत घे' असे एकामागून एक काम त्याने मनूला सांगितले. मग त्याच दोराने आपल्या शिंगाला बांधून त्याने ती नाव ओढून नेली आणि हिमालयाच्या शिखराला लावली. त्या शिखराला 'नौबंधन' हे नाव पडले. बायबलातील नोहाच्या तारवाची कथाही ह्याच धर्तीची आहे.

म्हणजे आपल्या सर्वांत जुन्या प्रलयकथेत यंत्राचा धिक्कार नाही; उलट माणसाने स्वतःच्या हातांनी बांधलेली नाव तिच्या केंद्रस्थानी आहे. नावेत काय घ्यायचे हेही सांगितले आहे: बियाणे आणि ज्ञानी माणसे. सोने घे असे मासा म्हणाला नाही.

नव्या यंत्राचे भय

आता माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांच्या हाती आले. प्रश्न विचारावा आणि यंत्राने माणसासारखे उत्तर लिहून द्यावे, हा चमत्कार घरोघरच्या फोनवर पोहोचला. मे २०२३ मध्ये ह्या विद्येतील अनेक अग्रगण्य शास्त्रज्ञांनी एक छोटे निवेदन काढले. ह्या यंत्रांपासून मानवजात नष्ट होण्याचा जो धोका आहे, तो कमी करणे हे साथीचे रोग व अणुयुद्ध ह्यांच्याप्रमाणेच जगाने महत्त्वाचे काम मानावे, असा त्याचा आशय होता. सह्या करणाऱ्यांत जेफ्री हिंटन होते. ह्या यंत्रांच्या मुळाशी असलेल्या संशोधनाबद्दलच त्यांना २०२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ह्या वेळी भाकीत करणारे ज्योतिषी नव्हेत, खुद्द यंत्र घडवणारेच आहेत. दुसरे तितकेच विद्वान शास्त्रज्ञ मात्र हे भय अवास्तव मानतात.

मग आपण काय करावे? अशी कोणतीही वार्ता कानी आली की, तिला तीन प्रश्न विचारावे. पहिला, ह्यातील कार्यकारणाची साखळी कोणती? अष्टग्रहीपाशी ह्याचे उत्तर नव्हते. दोन अंकी वर्षाच्या चुकीपाशी होते. दुसरा, हे तपासून पाहता येते काय? धरणाची भिंत तपासता येते, बोगद्यातील पाणी मोजता येते, विहिरीची पातळी दर महिन्याला वहीत लिहून ठेवता येते. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, ह्या भीतीने उद्या सकाळी मला काही काम दिले, की हातचे काम काढून घेतले? जे भय आपल्याला नाव बांधायला लावते ते हितकर. जे भय कोंबडी कापून स्वस्थ बसवते ते घातकी. मग ते पंचांगातून आलेले असो की प्रयोगशाळेतून.

नव्या यंत्रालाही हेच लावून पाहा. ते निबंध लिहील, हे खरे. पण ते लिहिते त्यात खोटे किती हे ओळखणारा माणूस लागेल. त्याच्या हाती कोणता निर्णय द्यायचा आणि कोणता द्यायचा नाही, हे ठरवणारा माणूस लागेल. त्याच्यामुळे ज्याचे काम जाईल, त्याच्या घराची विचारपूस करणारा माणूस लागेल. पाणबुडीत नकार देणारा आर्खिपोव्ह लागेल. अशी माणसे कोऱ्या वहीपुढे बसून तयार होत नाहीत. गणित, भाषा, इतिहास शिकून, चुकून, पुन्हा करून ती तयार होतात. हे यंत्र खरोखर धोक्याचे असेल तर अभ्यासाची गरज अधिकच. ते उपयोगी असेल तरीही तेवढीच. दोन्ही बाजूंनी हिशेब केला तरी वही मिटण्याचे कारण मला सापडत नाही.

त्या मुलाने पुढे काय केले असे तुम्ही विचाराल. पुढल्या आठवड्यात त्याने पानभर निबंध आणून दिला. यंत्रावर त्याचा अजूनही विश्वास नाही, आणि आपल्या गुरुजींच्या बोलण्यावरही पुरता बसलेला नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते! मला ते आवडले. शंका धरूनही त्याने लिहिले होते. आजीही भीती धरूनच शेतात गेली होती.

त्या साली आजीची लावणी पुरी झाली. स्कायलॅब समुद्रात पडली आणि दिवाळीच्या सुमारास आमच्या घरी नवे भात आले. ज्यांनी लावणी सोडली होती, त्यांनाही आजीने त्यातले काही कुडव मोजून दिले, हे ती कधी सांगत नसे. मला ते त्या शेजारणीकडून कळले.

विद्यार्थी मित्रहो, जग कधी बुडेल ह्याची चिंता अवश्य करा. परंतु ती करताना हातातील तरवा कुजू देऊ नका.